मिल्काची जागा

मिल्का गेली त्या आठवड्यात इस्राएलचं आकाश बंद होतं. युद्ध पेटलं होतं, क्षेपणास्त्रं पडत होती आणि तिथे एकही प्रवासी विमान उतरत नव्हतं.

ती गेली ती अमेरिकेत, मिशिगनमधल्या ट्रॉय गावी, स्वतःच्या स्वयंपाकघरात. सकाळी ओट्यापाशी नारळ खवत होती. तिचा नवरा एझ्रा वर आंघोळीला गेला होता. तो खाली आला तेव्हा ती फरशीवर आडवी होती आणि नळ चालू होता. अ‍ॅम्ब्युलन्स लगेच आली. आलेल्या माणसाने बराच वेळ तिच्या छातीवर दाब दिला, मग उठून म्हणाला, "आय अ‍ॅम सॉरी, सर." एझ्राने आधी जाऊन नळ बंद केला.

एझ्रा अष्टमकर सत्तरी ओलांडलेला, गाड्यांच्या ब्रेकवर काम करून निवृत्त झालेला इंजिनियर. तो आणि मिल्का दोघंही बेने इस्राएल. फार पूर्वी जहाज फुटून कोकणच्या किनाऱ्याला लागलेल्या यहुद्यांचे वंशज. आडनाव रोह्याजवळच्या अष्टमी गावावरून आलेलं, घरात बोलणं मराठी, प्रार्थना हिब्रू. ठाण्याहून ते मिशिगनला आले तेव्हा मोठा मुलगा योएल शाळेतही जात नव्हता. धाकटी अबिगेल इथलीच. पुढे योएल मोठा होऊन इस्राएलला गेला, बेरशेबात स्थायिक झाला. त्याच्याकडे पहिल्यांदा गेले तेव्हा एझ्राने जेरुसलेमबाहेरच्या डोंगरावरच्या दफनभूमीत शेजारीशेजारी दोन जागा घेऊन ठेवल्या. एक त्याची, एक मिल्काची.

त्याचे वडील ठाण्याच्या सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवायचे. ते म्हणायचे, पवित्र भूमीच्या बाहेर मेलेल्याला शेवटच्या दिवशी जमिनीखालच्या भुयारांतून घरंगळत, ठेचकाळत तिथवर जावं लागतं. तिथे पुरलेला मात्र आहे त्या जागी उठून उभा राहतो. एझ्राने आयुष्यभर इंजिनं आणि ब्रेक यांचा हिशोब केला, पण ही गोष्ट त्याने कधी तपासून पाहिली नाही. ती त्याच्या आत तशीच राहिली.

अबिगेल अ‍ॅन आर्बरहून दुपारपर्यंत पोचली. ती तिथे एका फार्मसीत काम करायची. घरात आल्यावर तिने चपला काढल्या, ओट्यावरचा अर्धा खवलेला नारळ पाहिला आणि तिथेच खाली बसली. संध्याकाळी सिनेगॉगच्या बायकांनी मिल्काला शास्त्राप्रमाणे आंघोळ घातली, पांढऱ्या सुती कपड्यात गुंडाळलं आणि साध्या पाइनच्या पेटीत ठेवलं. पेटी अंत्यविधीची व्यवस्था बघणाऱ्या फ्यूनरल होममधल्या थंड खोलीत गेली.

सिनेगॉगचे धर्मगुरू, राबाय, रात्रीच्या प्रार्थनेआधी तिथेच भेटायला आले. शांत, पन्नाशीचा माणूस. इंग्रजीत बोलत होते, पण घाई न करता.

"एझ्रा, उद्या पुरू या. प्रेत ताटकळत ठेवणं हा तिचा अपमान आहे, हे तुम्हाला माहीत आहे."

"तिच्या मानासाठी थांबता येतं, हेही शास्त्रातच आहे."

"एखादा दिवस. आकाश कधी उघडेल हे कुणालाच माहीत नाही. आता इथे पुरू. पुढे वाट मोकळी झाली की पवित्र भूमीत नेता येईल, तेवढ्यासाठी कबर उघडायची मुभा आहे."

"दोनदा पुरू तिला?"

राबाय म्हणाले, "तुमच्यासाठीही सांगतोय मी. ती जमिनीत जाईपर्यंत तुमचं सुतक सुरूच होत नाही. तुम्ही ना धड प्रार्थना करू शकता, ना शोक."

"चालेल मला," एझ्रा म्हणाला.

घरी जाताना गाडी अबिगेल चालवत होती. सिग्नलला थांबल्यावर ती म्हणाली, "पप्पा, आईने मला कधी सांगितलं नाही की तिला तिकडे जायचंय."

"मला सांगितलं होतं."

"काय म्हणाली होती? एक्झॅक्टली?"

एझ्राला तो डोंगर आठवला. खडकाळ उतार, पांढऱ्या दगडांच्या कबरी, खाली घाटाचा रस्ता. मिल्का तिथल्या कठड्यावर बसली होती, गुडघे चोळत. त्याने विचारलं होतं, इथे घेऊ या का आपली जागा? ती म्हणाली होती, वारा छान आहे. मग म्हणाली होती, तू म्हणशील तिथे.

"हो म्हणाली होती," एझ्रा म्हणाला.

"ओके."

"तिचे गुडघे तू बघितले होतेस ना? जिना चढताना मध्ये थांबायची. तिला जमिनीखालून घरंगळत कशी पाठवू मी?"

अबिगेलने त्याच्याकडे पाहिलं. तो खरोखरच विचारत होता. मागच्या गाडीने हॉर्न वाजवला आणि तिने गाडी पुढे घेतली.

मग दिवस तसेच लोंबकळत गेले. एझ्रा सकाळी फ्यूनरल होममध्ये जाऊन थंड खोलीबाहेरच्या खुर्चीत स्तोत्रांचं पुस्तक घेऊन बसायचा. प्रेताला एकटं सोडायचं नसतं. सिनेगॉगचे लोक पाळीपाळीने यायचे, पण तो कुणाला जागा द्यायचा नाही. बाहेर जूनचं ऊन होतं, कॉटनवूडच्या झाडांचा कापूस पार्किंगमध्ये उडत होता. फ्यूनरल होमचा माणूस रोज एकदा येऊन अदबीने उभा राहायचा. आम्ही काही रसायनं वापरत नाही सर, तुमच्या शास्त्रात ते चालत नाही, म्हणायचा. फक्त थंडी आहे. थंडीने काही काळ निभतं.

शेजारची नीला जेवण घेऊन यायची. ती आणि तिचा नवरा चंद्रशेखर पुण्याचे. मिल्काची आणि तिची तीस वर्षांची मैत्री होती. ती मुगाची खिचडी ओट्यावर ठेवायची आणि कुठे बसावं हे न कळून उभी राहायची. पहिल्या दिवशी ती पांढरी साडी नेसून आली होती, पण या घरात त्या दिवसांत शोकाचं काहीच दिसत नव्हतं. आरसे झाकलेले नव्हते, दिवा लावलेला नव्हता.

"अबी, आमच्यात दहावं, तेरावं असतं. तुमच्यात केव्हापासून धरायचं?"

"पुरल्यावर धरतात, मावशी. अजून काहीच सुरू झालेलं नाही."

"म्हणजे तुला रडताही येत नाही?"

"रडायला कुणी नाही म्हणत नाही. पण कुणी येऊन बसत नाही. इट्स लाइक शी इज स्टिल इन सर्जरी."

नीला तिच्याजवळ बसली. खिचडी तशीच राहिली.

शनिवारचा शब्बाथ आला आणि गेला. एझ्रा बेरशेबाला फोन करायचा. योएल कधी घरून बोलायचा, कधी इमारतीच्या तळघरातून. मागे लहान मुलांचा आवाज यायचा. तो एका शाळेत गणित शिकवायचा. आईचा चेहरा शेवटचा बघता आला नाही, हे तो दर फोनमध्ये एकदा म्हणायचा.

एक दिवस योएलने सांगितलं की थोडी विमानं सोडणार आहेत असं ऐकू येतंय, पण दफनभूमीच्या कार्यालयात घरच्या कुणीतरी प्रत्यक्ष जावं लागेल. जुना व्यवहार आहे, ओळख पटवल्याशिवाय ते कबर खणायला घेणार नाहीत.

"मग जा," एझ्रा म्हणाला.

"पप्पा, विनाकारण रस्त्यावर फिरू नका असं सांगितलंय आम्हाला."

"काल तू शाळेत गेला होतास."

"शाळा बंद आहे. हॉस्पिटलमध्ये सामान पोचवायला गेलो होतो. ते गरजेचं होतं."

"हे गरजेचं नाही?"

एझ्राने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"ती पेटीत पडून आहे, योएल. विमान मिळालं आणि खड्डाच तयार नसला तर तिला तिथेही ताटकळत ठेवू का आपण?"

"ठीक आहे," योएल म्हणाला. "उद्या जातो."

अबिगेल दारात उभी राहून हे ऐकत होती. एझ्राने फोन खाली ठेवला तेव्हा ती काहीतरी बोलणार होती, पण त्याने लगेच स्तोत्रांचं पुस्तक जवळ ओढलं म्हणून बोलली नाही. या गोष्टीवरून ती पुढे कितीदा तरी स्वतःला बोल लावत राहिली.

दुसऱ्या दिवशी एझ्रा नेहमीप्रमाणे खुर्चीत बसलेला असताना योएलच्या बायकोचा, याएलचा फोन आला. तीही बेने इस्राएल, पण तिकडेच, इस्राएलमधल्या डिमोनात जन्मलेली. तिचं मराठी मध्येच हिब्रूत अडकायचं.

"पप्पा, योएल हॉस्पिटलमध्ये आहे. जिवंत आहे. आधी ते ऐका, जिवंत आहे."

जेरुसलेमच्या वाटेवर भोंगा वाजला होता. नियमाप्रमाणे सगळ्यांनी गाड्या थांबवल्या आणि रस्त्याकडेला पालथे पडून डोकं हातांनी झाकलं. योएलही पडला. वरच्या वर फोडलेल्या क्षेपणास्त्राचा एक तुकडा तिथे येऊन कोसळला. डॉक्टरांनी उजवा पाय गुडघ्याच्या वरून काढला होता.

एझ्राने सगळं ऐकून घेतलं. "शुद्धीवर आहे?" एवढं विचारलं. नाही, म्हणाली. त्याने स्तोत्रांचं पुस्तक मिटलं, थंड खोलीच्या दारावर हात ठेवून थोडा वेळ उभा राहिला आणि मग राबायना फोन लावला.

"उद्या पुरू," तो म्हणाला. "इथे."

मिशिगनची ती दफनभूमी सपाट आहे. एका बाजूला हायवे, दुसऱ्या बाजूला तळं, त्यावर कॅनडा गीझ नावाचे रानहंस. खड्ड्यातून निघालेली माती पिवळट आणि चिकट होती. राबायनी एझ्राच्या सदऱ्याला छातीपाशी कात्रीने छेद दिला आणि तो त्याने हाताने फाडला. अबिगेलनेही आपलं जॅकेट फाडलं. पेटी दोरांनी खाली सोडली. फावडं पहिल्यांदा उलटं धरून माती लोटायची असते, हे काम आपण आनंदाने करत नाही हे दाखवायला. एझ्राने तशी तीनदा लोटली. पेटीवर मातीचा आवाज पोकळ आला. पुढे लोक पाळीने लोटत गेले तसा तो आवाज बसत गेला.

नीलाने हळूच राबायना विचारलं, मी दिली तर चालेल? ते हो म्हणाले. तिने फावडं न घेता खाली वाकून मूठभर माती घेतली, ढेकूळ बोटांनी फोडलं आणि सोडलं.

मग एझ्राने कद्दिश म्हटलं. वडिलांसाठी अकरा महिने रोज म्हटलेली ती प्रार्थना. मृताचं नाव नसलेली, फक्त देवाच्या थोरवीची. आता ती मध्येच तुटली. राबायनी शब्द पुढे दिला, तेव्हा पुढे गेली.

सात दिवस ते बुटक्या स्टुलांवर बसले. आता आरसे झाकले, दिवा लावला. लोक आले, उकडलेली अंडी आणि मसूर खाल्ले, मिल्काबद्दल बोलले. अबिगेल आईसाठी रडली, पण बोलणं कधी योएलच्या पायाकडे वळेल या धास्तीने सगळेच जपून बोलत होते. एझ्राशी एकटी असताना अबिगेलने एकदाच विषय काढला.

"तुम्ही त्याला पाठवायला नको होतं, पप्पा."

"नको होतं," तो म्हणाला.

तिला त्याच्याशी भांडायचं होतं. त्याने तेवढीही जागा ठेवली नाही.

पुढे जुलै संपला तोवर आकाश कधीच उघडलं होतं, विमानं जात येत होती. ऑगस्टच्या सुरुवातीला तिशाबाव आला, जेरुसलेमचं मंदिर पडलं त्याचा उपास. बेने इस्राएल घरांत त्याला बिरड्याचा सण म्हणतात, कारण उपास सोडताना वालाचं बिरडं करतात. मिल्का दरवर्षी वाल भिजत घालून, मोड आणून, एकेक सोलत बसायची. या वर्षी अबिगेलला ते करायचं होतं. नीलाने घरून वाल आणून तिला सोलायला शिकवले; तिच्या माहेरीही बिरडं व्हायचं. दोघी टेबलाशी सोलत होत्या. एझ्रा रिवाजाप्रमाणे जमिनीवर बसला होता. तेवढ्यात योएलचा फोन आला. हॉस्पिटलातून घरी आल्यापासून तो जेमतेम दोनदा बोलला होता.

"पप्पा, फ्लाइट्स सुरू झाल्यात. आईला आणा."

एझ्राला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "काय म्हणालास?"

"राबाय म्हणाले होते ना, इथे आणायचं असेल तर कबर उघडता येते. मी इकडे विचारलंय. चालतं."

"नको, योएल. आता नको. एवढं सगळं झाल्यावर..."

"एवढं सगळं झालं म्हणूनच आणायचं."

अबिगेलने हातातले वाल खाली ठेवले. फोन स्पीकरवर होता.

"बाळा, तिला एकदा ठेवलंय. मी मातीचा आवाज ऐकलाय. पुन्हा नाही काढणार."

"मग माझा पाय कशासाठी गेला?"

योएलचा आवाज चढलेला नव्हता. वर्गात गणित समजावतो तसा तो बोलत होता.

"तुम्हाला एक सांगायचं राहिलंय. इथे कापलेला अवयव टाकून देत नाहीत, पुरतात. हॉस्पिटलने विचारलं कुठे. मी म्हटलं, आमची जागा आहे डोंगरावर. आईसाठी खणणारच होते ना. तिथे ठेवलाय. तिच्या जागेत, पायथ्याशी. मला वाटलं ती येतेच आहे. तुम्ही तिला आदल्याच दिवशी पुरलं होतं हे मला नंतर कळलं."

अबिगेल उठून फोनजवळ आली. "योएल, लिसन. आय अ‍ॅम सो सॉरी. पण आईला हलवायचं नाही. ती तुमच्या दोघांच्यामध्ये ओढायची वस्तू नाही."

"तुला सोपं आहे. तू वीस मिनिटांत जाऊन येतेस तिच्याकडे."

"तुला जायचंय म्हणून तिला उकरायचं?"

"पप्पा ठरवतील," योएल म्हणाला. "नेहमी तेच ठरवतात."

नीला खाली बघून वाल सोलत राहिली. एझ्रा भिंतीला टेकून बसला होता. आयुष्यभर त्याने जे मागितलं होतं ते आता कुणीही अडवत नव्हतं. एक होकार दिला की मिल्का त्याच डोंगरावर, त्याच जागेत जाणार होती. त्याने तो शब्द जमवून पाहिला. तो जमेना. त्याला फक्त पिवळ्या मातीतली पेटी दिसत होती आणि ती पुन्हा उजेडात आलेली त्याला बघवत नव्हती.

"नाही," तो म्हणाला. "ती इथेच राहील."

योएलने फोन ठेवला. त्या संध्याकाळी बिरडं झालं, पण नारळाचं दूध थोडं फाटलं. तिघांनी ते तसंच खाल्लं.

नंतर योएल फोन उचलेनासा झाला. याएल कळवायची: कृत्रिम पाय बसवला, जिना उतरायला लागला, शाळेत परत गेला. हिवाळा लागला तसा एझ्राने तिकीट काढलं आणि एकटाच गेला. अबिगेलने विमानतळावर सोडताना त्याला लोकरीची टोपी दिली.

योएलने दार उघडलं. बारीक झाला होता, दाढी पांढरी व्हायला लागली होती. "या," म्हणाला आणि बॅग घ्यायला वाकताना दाराची चौकट धरली. मुलं आजोबांना बिलगली. जेवताना बोलणं सगळं मुलांचंच झालं.

दुसऱ्या दिवशी योएल म्हणाला, "चला, डोंगरावर जाऊ." गाडी त्याने स्वतः चालवली, डाव्या पायाने चालेल अशी करून घेतलेली. वाटेत एका वळणावर त्याने वेग जरा कमी केला आणि पुन्हा वाढवला. एझ्राने विचारलं नाही.

दफनभूमी आता खूप वाढली होती, उतार कबरींनी भरला होता. दोन जागांपैकी एक तशीच कोरी होती. दुसरीच्या पायथ्याशी सिमेंटचा एक छोटा चौकोन, त्यावर हिब्रूत योएलचं नाव. एझ्रा त्या चौकोनाकडे पाहत उभा राहिला. पोराचं नाव असं दगडी जमिनीवर वाचायची वेळ त्याच्यावर आली होती.

"इथे काय म्हणायचं असतं?" त्याने विचारलं.

"काही नाही. माणूस जिवंत आहे ना."

डोंगरावर वारा सुटला होता. एझ्राने खिशातून हात काढला, मुलाच्या खांद्यावर ठेवावा म्हणून, पण योएल काठी सावरत उताराकडे वळला होता. ते दोघं हळूहळू गाडीपर्यंत उतरले.

संध्याकाळी योएलने कृत्रिम पाय काढून भिंतीला उभा केला. मांडीचा राहिलेला भाग लालसर झाला होता. तो तळव्याने चोळत होता.

"दुखतं?"

"थंडीत."

एझ्रा जाऊन स्वयंपाकघरातून खोबरेल कोमट करून घेऊन आला. लहानपणी योएलचे पाय मिल्का असेच चोळायची, मैदानावरून आल्यावर. तो जमिनीवर बसला आणि वाटी बाजूला ठेवून हात पुढे केला.

योएलने मांडीवर पांघरूण ओढलं.

"राहू द्या, पप्पा," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. एझ्रा बराच वेळ तसाच बसून राहिला आणि तेल गार झाल्यावर वाटी परत ठेवून आला.

तो ट्रॉयला परतला तेव्हा बर्फ पडून गेलं होतं. अबिगेलने विमानतळावरून घेताना सांगितलं की दफनभूमीतून विचारणा आली आहे. आईच्या शेजारची जागा रिकामी आहे, ती तुमच्यासाठी धरून ठेवायची, की तुम्हाला तिकडचीच हवी आहे?

एझ्रा खिडकीबाहेर पाहत होता. इथे झोपला तर मिल्काशेजारी झोपेल. तिथे झोपला तर शेजारी असेल पोराचा पाय.

"सांगायला हवंय का लगेच?" त्याने विचारलं.

"वसंतापर्यंत थांबतील म्हणाले."

"मग थांबू दे," एझ्रा म्हणाला. अबिगेलने गाडीचा हीटर वाढवला आणि हायवेला लागली.